मुशीचे हात

माझ्या गौरेशला रसिकाने मारलं. पोलिसांनी अपघात लिहिलाय, वाडीतली माणसं खाली बघून भलतंच काहीतरी पुटपुटतात, पण मी त्याची आई आहे आणि मी सांगते, तिनेच मारलं. एक शब्द तोंडातून काढायचा होता. तेवढा काढला नाही तिने. पुढचं ऐकून तुम्हाला माझाच राग आला तर खुशाल येऊ दे, मला फरक पडत नाही.

आम्ही मालवणच्या खालच्या अंगाला राहणारे, रापण ओढून पोट भरणारे. रापण म्हणजे काय ते शहरातल्यांना सांगावं लागतं. होडी वाळूवरून निघते, जाळं सोडत सोडत समुद्रात मोठा वळसा घालते आणि लांबवर परत किनाऱ्याला लागते. मग जाळ्याची दोन टोकं दोन रांगा धरतात, बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे, आणि मागे मागे चालत ओढत राहतात. मधे थांबायचं नाही. दोर सैल पडला की जाळ्याची तळाची कड उचलते आणि मासळी खालून पसार होते. मग दिवसभराची मेहनत पाण्यात.

रसिका माझी सून, गौरेशची बायको. देवगडच्या बाजूची, दिसायला बरी, कामाला वाघ. मी तिला कधी उपाशी ठेवलं नाही की अंगावर हात टाकला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक तेही बोलतात.

तेव्हा मासळीचं अगदी वाईट चाललं होतं. समुद्र तापला, बांगडा खोल पाण्यात गेला, उरलासुरला बाहेरचे ट्रॉलर खरवडून न्यायचे. सरकारने किनाऱ्यालगतचा पट्टा रापणवाल्यांना राखून दिला खरा, पण अट घातली की यंत्र वापरायचं नाही. मासळी शोधणारं यंत्र नाही, ड्रोन नाही, दिवे नाहीत. वर आणखी एक पाचर मारून ठेवली. हंगामामागून हंगाम रापण रिकामी गेली तर पट्टा काढून घेणार आणि शेजारच्या रिसॉर्टला त्यांच्या पाण्यातल्या खेळांसाठी देणार. आमचे तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके, माझे धाकटे दीर बाळाभावजी. त्यांनी तर हातच टेकले होते.

अशात डॉक्टर केळुसकरबाई आल्या. किनाऱ्यावर नवीन संशोधन केंद्र उघडलं होतं, तिथल्या त्या मोठ्या बाई. देवळापुढच्या मांडवात सगळ्यांना बसवलं आणि मुशीबद्दल विचारायला लागल्या. मुशी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क. मुशी साफ करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, तिच्या नाकाडावर बारीक बारीक भोकं असतात आणि दाबलं की त्यातून चिकट पारदर्शक गर येतो. आम्ही ते धुऊन टाकतो. बाई म्हणाल्या की तोच तिचा कान, तोच डोळा, जो आपल्याकडे नाहीच असा. प्रत्येक भोकाच्या आत त्या गराने भरलेली एक नळी, आणि नळीच्या तळाशी वीज ओळखणाऱ्या पेशी. जिवंत प्राण्याचं काळीज धडधडतं, कल्ले हलतात, स्नायू आखडतात, तेव्हा दर वेळी कणभर वीज तयार होते. हवेत ती कुठे पोचत नाही, पण खारं पाणी तिला वाहून नेतं. टॉर्चच्या सेलची एक तार मालवणात बुडवली आणि दुसरी कन्याकुमारीला, तर मधल्या पाण्यात जेवढी वीज पसरेल तेवढीही मुशीला कळते. वाळूत दडून बसलेला मासा ती न बघता, न हुंगता उचलते, कारण त्याचं काळीज तिला ऐकू येतं.

मुशीला हे हातभर अंतरावरूनच जमतं. बाईंनी तिच्या पेशी घेऊन, त्यांत फेरफार करून, कितीतरी दाट वाढवल्या होत्या. त्या माणसाच्या तळहातात रुजवायच्या, नळ्या, गर, सगळ्यासकट, आणि तिथल्या नसांना जोडून द्यायच्या. म्हणजे एकटा मासा माडाच्या उंचीइतक्या अंतरावरून कळेल, आणि मोठं जनावर किंवा मासळीचा थवा त्याच्याही कितीतरी पलीकडून. बाळाभावजींनी एकच विचारलं की हे यंत्रात धरतील का. बाई हसल्या. हात म्हणजे काही यंत्र नव्हे म्हणाल्या. यंत्र नको असा नियम आहे ना, मग माणसालाच यंत्र करा, असा तो मामला.

पण हात द्यायला कोणी तयार होईना. पुरुष तर एकमेकांच्या आड लपायला लागले. शेवटी मी गौरेशला म्हटलं, तू हो म्हण. तो म्हणाला, आई, मला होडी वल्हवायची असते, माझे हात बिघडले तर? मग रसिकाच उठून उभी राहिली. कोणी जबरदस्ती केली नाही. मी फक्त तिच्याकडे बघितलं होतं.

जखमा भरल्यावर तिच्या तळहातांवर तीळ सांडल्यासारखी भोकं राहिली. पहिले काही महिने पाण्यात हात घातला की नुसत्या मुंग्या येतात म्हणायची, रडायची. मग हळूहळू तिला उमजायला लागलं. छातीभर पाण्यात उभी राहायची, हात पसरून, डोळे मिटून, आणि सांगायची की ही तारली आहे, हिचं काळीज घाईघाईत चालतं; हा बांगडा, सगळे एका ठेक्यात वळतात; ही घोळ, एकटीच आहे, म्हातारी आहे. आणि एके सकाळी तिने उजवा हात वर केला, होडी तिने दाखवलं तिकडून वळली आणि आम्ही जे ओढून काढलं ते बघायला पलीकडच्या वाडीची माणसं धावत आली. मी तिची दृष्ट काढली त्या दिवशी. खोटं कशाला सांगू, मला तिचा गर्व वाटला होता.

पण काळीज काय फक्त माशालाच असतं?

समुद्रात उतरलेल्या माणसांचंही तिला कळायला लागलं. माझ्या जावेला, बाळाभावजींच्या बायकोला, दिवस गेलेत हे रसिकाने तिच्या आधी सांगितलं. एवढ्या मोठ्या वयात. ती बिचारी लाजेने अर्धमेली झाली. एका म्हाताऱ्याला रसिका म्हणाली, तुमचं काळीज मधेच ठोका गाळतं, डॉक्टरकडे जा. तो जगला त्यामुळे, हेही खरं. पण तेव्हापासून ती पाण्यात पाय टाकायची की बाकीचे भराभर बाहेर यायचे. आपल्या छातीत काय चाललंय ते दुसऱ्याने ऐकावं, हे कोणाला आवडणार?

सगळ्यात घाबरला तो गौरेश. एकदा दोघं कमरेएवढ्या पाण्यात जाळं धूत होती. तिने सहज विचारलं, काल कुठे होतास. तो म्हणाला, कुडाळला, जाळ्याचं सूत आणायला. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली आणि म्हणाली, तुझं काळीज धावतंय. बस, एवढंच. पण तो घरी आला तो पांढराफटक पडून. खरं काय होतं ते मी विचारलं नाही. पुरुषमाणूस आहे, कुठे गेला असेल नसेल. पण त्या दिवसानंतर माझा मुलगा तिच्याबरोबर पाण्यात उतरायचा बंद झाला. समुद्रात जन्म काढलेला पोरगा बायको पाण्यात असली की वाळूवर बसून राहायचा. लोक हसायचे त्याला.

मी उपाय केला. तिला रबरी हातमोजे आणून दिले आणि सांगितलं, रापण सोडून दिवसभर हे घालायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की जमिनीवर त्या हातांना काही कळत नाही. पण आमच्या घरात मिठाचं पाणी कुठे नसतं? मासळी मिठात, भांडी ओली, अंगाला घाम. भाकरीसुद्धा मोजे घालून थापायला लावली मी. तिने हूं की चूं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाली असती. मी तिला केंद्रावरही नेलं, म्हटलं काढून टाका हे. बाई म्हणाल्या की नसा आता त्यात गुंतल्यात, काढलं तर तळहात कायमचे बधिर होतील, पेला धरता येणार नाही. वर हेही सुनावलं की असा हात पुन्हा कोणाचा करणार नाहीत, केंद्राला वरून नकार आलाय. म्हणजे आख्ख्या किनारपट्टीवर ती एकटीच.

मग गौरेशने तिला घराबाहेर काढलं. सोडचिठ्ठीची कागदपत्रं केली, रीतसर. ती माहेरी गेली नाही. माहेरच्यांनाही तिचे ते हात नकोच होते. रापण संघाच्या बर्फाच्या खोलीला लागून एक पडवी होती, तिथे राहायला लागली. सकाळी पाण्यात उभी राहून हात वर करायची आणि आपला वाटा घेऊन जायची. घरात नको होती, पण समुद्रात हवी होती. आता याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. मला वाटेत भेटली की सगळ्यांसारखं ‘वैजूकाकी’ म्हणायची. आधी ‘आई’ म्हणायची.

तरी तिचे नखरे आम्ही सोसले. एकदा भर ओढीत ओरडली की आत कासव अडकलंय, सोडा, त्याचा जीव घुसमटतोय. बाळाभावजींनी दोर सोडायला लावला. कासव सुटलं, त्याच्याबरोबर सगळा थवाही सुटला. महिन्याभरात पुन्हा तेच. तेव्हा वाडी तिच्यावर तुटून पडली. मीही बोलले, वाट्टेल ते बोलले. बाळाभावजींनी तिला बजावलं की यापुढे जाळं वळलं की तुझं काम संपलं, तोंड उघडायचं नाही.

त्यात रिसॉर्टच्या पाणबुड्यांनी उच्छाद मांडला होता. पाठीवर हवेची टाकी लावून खाली उतरायचे आणि आमची जाळी कापून जायचे, रापण रिकामी गेली की पट्टा त्यांचाच होणार म्हणून. वाडीत सगळे उघड म्हणायचे की एखादा जाळ्यात सापडला पाहिजे. मीही म्हणायचे.

आता तो दिवस. हंगाम सरत आला होता आणि हाताला काही लागलं नव्हतं. त्या सकाळी गौरेश लवकर उठला, वेंगुर्ल्याला जातो म्हणाला, एका होडीचं काम आहे. मी त्याला चहा दिला. तो गेला. आणि आम्ही किनाऱ्यावर आलो तर रसिका आधीच पाण्यात, हात पसरून. तिच्या तोंडावरूनच कळलं की काहीतरी मोठं आहे. हात वर केला, होडी वळली, दोर आमच्या हातात आला. असं ओझं मी जन्मात ओढलं नव्हतं. वाळूत पाय रुतत होते. माझ्या मागची बाई चक्क रडत होती, आनंदाने. पट्टा वाचला, सगळ्यांच्या मनात तेच.

आणि तेवढ्यात रसिका वळली.

“माणूस आसा जाळ्यात,” ती म्हणाली. ओरडली नाही, मोठ्याने म्हणाली. “दोर सोडा.”

ओढणारे हात क्षणभर ढिले पडले. बाळाभावजींनी शिवी हासडली आणि ओढा म्हणून हुकूम दिला. कोणीतरी म्हणालं, पुन्हा कासव. ती म्हणाली की कासव नाही, माणूस आहे, तळाला आहे, जाळ्यात गुंडाळला गेलाय, त्याला वर येता येत नाहीये. बाळाभावजी माझ्याकडे बघायला लागले. रांगेत सगळ्यात पुढे मी होते, तिला सगळ्यात जवळ मीच होते. मी विचारलं. हो, मीच विचारलं, आणि पुन्हा तशी वेळ आली असती तर पुन्हा विचारलं असतं, कारण वाडीतल्या प्रत्येकाच्या जिभेवर तेच होतं.

“आपलो काय परको?”

तिने माझ्याकडे बघितलं. हात पाण्यातच होते तिचे.

“माणूस,” ती म्हणाली.

मी मनातल्या मनात मोजणी केली. आमच्या होड्या सगळ्या वाळूवर, आमची माणसं सगळी दोरावर, माझा गौरेश वेंगुर्ल्याला. मग राहिला कोण? रिसॉर्टचा पाणबुड्या. जाळं कापायला आला आणि सापडला. आणि टाकी असते त्यांच्या पाठीवर, मरतोय कशाला, वाळूवर येईल तेव्हा चांगला बडवून काढू. मी दोर आवळला. माझ्या मागच्यांनी आवळला. पलीकडच्या रांगेनेही आवळला.

रसिका तिथेच उभी राहिली. एवढं ओझं एकट्या बाईला उचलता येत नाही हे तिलाही ठाऊक होतं. आम्ही ओढत होतो आणि ती सांगत होती, हळू आवाजात, जशी मासळीची खबर द्यायची तशी. फार जोरात धडधडतंय. हात मारतोय. आता हात थांबले. आता मधेमधे. एक जण ओरडला की तिचं तोंड बंद करा कोणीतरी. मग ती आपणच गप्प झाली, पाण्यातून बाहेर आली आणि वाळूवर बसली. तळहात मांडीवर उताणे ठेवून.

जाळ्याचं पोट वाळूवर आलं तेव्हा नुसती चांदी उडत होती. इतका बांगडा, इतका बांगडा की लोक नाचायला लागले. मग कोणाचा तरी पाय कशाला तरी लागला. मासळी बाजूला सारली. काळा रबरी सूट, पाठीवर टाकी, जाळ्याचा पीळ मानेभोवती. टाकीत हवा शिल्लक होती, पण तोंडातली नळी निघून गेली होती. बाळाभावजींनी त्याला उताणा केला आणि लगेच माझ्यापुढे येऊन उभे राहिले, मला दिसू नये म्हणून.

मी बघितलं.

वेंगुर्ला नव्हतं की होडीचं काम नव्हतं. नंतर कळलं की एका हॉटेलवाल्याला जिवंत शेवंड, म्हणजे ते महागडे लॉबस्टर, पुरवायला तो महिनाभर चोरून खाली उतरत होता. शेवंड खडकाच्या कपारीत असतात. रापणीच्या पट्ट्यात अशी बुडी मारायची नाही हा आमचाच नियम, म्हणून सगळ्यांपासून लपवलं. माझ्यापासूनही. भाड्याची टाकी, खूण म्हणून वर तरंगता डबासुद्धा नाही.

आता आमच्या रापणीची रीत ऐका. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. वाटसरूने येऊन घटकाभर ओढलं तरी त्याला वाटा. कोण कुठला, विचारायचं नाही, बापजाद्यांपासूनची रीत आहे. त्या दिवशी वाटे लावायची कोणाला शुद्ध नव्हती, पण मासळी काही थांबत नाही, ऊन चढत होतं. संध्याकाळी बाळाभावजींनी वाटे घरोघर धाडले. माझ्या दारात दोन पाट्या आल्या. मी विचारलं, दुसरी कोणाची. आणणाऱ्याने पाटी खाली ठेवली. मग म्हणाला की गौरेशच्या दोन्ही मुठींत दोर होता, तळाचा, बोटं सोडवताना मोडावी लागली. म्हणून बाळाभावजी म्हणाले, त्याचाही वाटा द्या.

मी ती पाटी त्याच्या अंगावर भिरकावली. माझा वाटा मात्र ठेवला. घरात दिवसकार्याला जमलेली माणसं होती, त्यांना काहीतरी घालायला हवं होतं, तेरावं झाल्यावर तेच खारवलेलं घातलं.

पोलीस आले. रसिका काही ओरडली होती का, असं त्यांनी प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, वारा होता, ऐकू आलं नाही. मीही तेच सांगितलं. रसिकाने त्यांना सगळं सांगितलं, पण तिच्या तळहातांची साक्ष कुठल्या रकान्यात लिहायची हे साहेबाला कळेना, तेव्हा त्याने लिहिलीच नाही. पट्टा आमच्याकडेच राहिला.

सगळे पाहुणे परतल्यावर मी त्या पडवीत गेले. ती जाळ्याला गाठी मारत बसली होती. मला बघून उठली नाही.

“तुका म्हायत होता?” मी विचारलं. “तो गौरेश हा म्हणान?”

जाळं वळलं तेव्हाच कळलं, ती म्हणाली. लाख काळजांतून तेवढं एक तिला ओळखता येत होतं, इतकी वर्षं शेजारी झोपली होती.

मग नाव का नाही घेतलंस, मी विचारलं. नाव घेतलं असतंस तर मी दोर सोडला असता, सगळ्यांना सोडायला लावला असता, दात लावून तोडला असता.

“म्हायत हा,” ती म्हणाली.

मग गाठ आवळून झाल्यावर सांगितलं तिने. म्हणाली, नाव तोंडात आलं होतं. तुम्ही विचारलंत नसतं तर घेतलंच असतं. पण तुम्ही आपला की परका विचारलंत, आणि मला वाटलं, बघू या तरी. नुसता माणूस म्हटल्यावर किती जण दोर सोडतात ते. एकाने जरी सोडला असता तरी नाव घेतलं असतं. मी वाट बघत होते, वैजूकाकी. त्याचं काळीज थांबेपर्यंत वाट बघत होते.

मी तिच्या तोंडावर थुंकले. तिने पदराने पुसलं आणि सुई उचलली.

आता तुम्हीच सांगा, कोणी मारलं? ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी, की जिला ठाऊक होतं तिने? वाडीतले काही दीडशहाणे मला म्हणतात की वैजू, तुलाही ठाऊक होतं, माणूस आहे हे. मी त्यांच्याशी बोलणं टाकलंय.

तिला वाडीतून हाकलता येत नाही. तिच्यासारखे हात दुसऱ्या कोणाला नाहीत आणि त्या हातांशिवाय मासळी दिसत नाही. ती अजून सकाळी पाण्यात उभी राहते, होडी वळवते आणि दोर आमच्या हातात येतो. कधी जाळं भरून येतं. पण या हंगामात कितीदा तरी असं झालंय की ऐन ओढीत ती वळते आणि म्हणते, माणूस आहे जाळ्यात. आपली माणसं सगळी दोरावर दिसत असतात. रिसॉर्टवाले तर कधीच उठून गेले. समुद्र रिकामा असतो, आम्हाला दिसतं की रिकामा आहे. बाळाभावजी म्हणतात, मुद्दाम करते, सूड घेते आपल्यावर, सगळ्यांना उपाशी मारणार ही. असेलही. खरं काय ते तिच्या हातांना ठाऊक. कोण आहे, असं मात्र तिला आता कोणी विचारत नाही. सगळे एकदम दोर सोडतात, मासळी निघून जाते आणि पोरं रात्री पेज पिऊन झोपतात.

दोर सगळ्यात आधी मीच सोडते.